वास विकत घेतलेला

ठाण्याच्या मानपाड्यात घोडबंदर रोडलगतच्या बऱ्याच टॉवरांवर महानगर गॅसचे पिवळे पाइप मजल्यामागून मजला चढत गेलेले दिसतात. मागच्या चाळींत मात्र अजून सिलिंडर खांद्यावरून येतो. शेगडीची निळी ज्योत दोन्ही घरांत सारखीच, पण स्वभाव अगदी उलटे. पाइपातला मिथेन हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. गळला की छताकडे जातो. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो फरशीवरून पसरत ओट्याखाली, मोरीत साचतो. म्हणून एका घराला वरची जाळी वाचवते, दुसऱ्याला जमिनीलगतची.

आणि दोघांनाही स्वतःचा वास नाही! आपल्याला येतो तो कुजट दर्प मुद्दाम मिसळलेला असतो, मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाचा. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी माणसाचं नाक ते पकडतं. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं होत गेलं. सिलिंडरचा गॅस हवेत दोनेक टक्के झाला की पेटू शकतो. वास त्याच्या कितीतरी आधी यावा, असाच हिशेब असतो. तो आला की खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. बंद करायलासुद्धा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते.

पण या नाकाला एक गोष्ट कधीच कळत नाही. मिथेन जळायला त्याच्या दहापट हवा लागते, प्रोपेन-ब्युटेनला पंचवीस-तीसपट. त्यामुळे दोन्हींच्या नोझलची भोकं वेगळी. पाइप गॅसची शेगडी गावी नेऊन तशीच सिलिंडरला जोडली, तर मोठ्या भोकातून नको इतका गॅस येतो, ज्योत पिवळी होते, भांडी काळवंडतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने आंघोळीत जीव जातात ते यानेच.

आता कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याबद्दल. त्याच्या हातात कसब असतं, यात मला शंका नाही. पण नोझल कोणत्या गॅसचं, गिझरचा धूर बाहेर जातो का, जोड साबणाच्या फेसाने तपासला का, याची जबाबदारी एजन्सीच्या किंवा पाइप गॅस कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकवर असते. दारात त्याचं ओळखपत्र मागायला संकोच कशाला? सिलिंडरची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तीही त्याच्याकडूनच. सिलिंडर गळत असेल तर १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पाइप गॅसवाल्यांचा आपत्कालीन क्रमांक त्यांच्या बिलावरच छापलेला असतो. फोन मात्र घराबाहेर येऊन करायचा.