क्लॅरिनेट चिरकतं तेव्हा: एका वेळी एकच बदल

लग्नाच्या वरातीत बँडमधलं क्लॅरिनेट मध्येच ‘चीं’ करून चिरकताना तुम्ही ऐकलं असेल. स्वतः शिकत असाल, तर रोजच ऐकत असाल! मग बहुतेक जण रीड बदलतात, ओठ आवळतात, जोरात फुंकतात; सगळं एकदम. कधीकधी आवाज सुधारतोही. पण नक्की कशामुळे, ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रयोगशाळेतही असंच होतं, म्हणून हे उदाहरण.

आधी आत काय घडतं ते पाहू. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सारख्या व्यासाची असते आणि ध्वनीच्या हिशेबात तिचं रीडकडचं टोक बंद असतं. अशा नळीत मूळ कंप्रतेनंतरची कंप्रता दुप्पट नाही, साधारण तिप्पट असते. बासरी ‘सा’वरून तार ‘सा’वर जाते, क्लॅरिनेट थेट तार ‘प’वर उडी मारतं. ही उडी हवी असते तेव्हा डाव्या अंगठ्याने रजिस्टर की दाबतात. तिच्यामुळे एक बारीक छिद्र उघडतं आणि मूळ स्वर दबतो. आता बोट नीट न बसल्यामुळे भलतंच छिद्र किंचित उघडं राहिलं तर? तेही रजिस्टर कीसारखंच वागतं, फक्त चुकीच्या जागी.

दुसरा संशयित म्हणजे रीड. तिची स्वतःची एक बरीच वरची कंप्रता असते. खालचा ओठ ती दाबून ठेवतो. माउथपीस तोंडात फार आत गेलं की ओठाचा हा ताबा सुटतो.

आता तपास. पहिला प्रश्न: ठरावीक स्वरावरच चिरकतं की कुठेही? ठरावीक स्वरावर असेल, तर आधी बोटं आणि पॅड पाहा. कुठेही असेल, तर ओठ आणि रीड.

मग बोटं वेगळी काढा. फुंकायचं तुम्ही, छिद्रं झाकायची जाणकार मित्राने. चिरकणं थांबलं, तर दोष तुमच्या बोटांकडे. बोटाच्या कडेने एखादी की नकळत दाबली जात होती का, तेही बघा.

थांबलं नाही, तर गळती तपासा. वरचा तुकडा काढा, छिद्रं बोटांनी झाका, खालचं टोक तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढ टिकली तर पॅड ठीक. लगेच सुटली तर कुठेतरी फट आहे. मग हेच खालच्या तुकड्यावर करा, मात्र करंगळीने सर्वांत खालच्या स्वराची कीही दाबून ठेवा.

रीड शेवटी. टोक तुटलंय का, ती वाकडी बसलीय का, बघा. नवीन लावून आवाज सुधारला, तरी तिथे थांबू नका: जुनी पुन्हा लावा. चिरकणं परत आलं, तरच दोष रीडचा म्हणता येईल. नाहीतर कदाचित नवी लावताना ती फक्त सरळ बसली असेल.

तुमच्या प्रयोगातही ही ‘जुनी पुन्हा लावायची’ पायरीच सगळ्यात जास्त गाळली जाते. दुरुस्त झालेलं परत बिघडवायला जिवावर येतं ना! पण कारण हातात येतं ते तिथेच.