काच बाहेरून चकाचक, तरी रात्री समोरचं दिसत का नाही?

बेळगावहून संध्याकाळी गोव्याकडे निघालेल्या गाडीला जांबोटी सोडली की मावळतीचा सूर्य थेट समोर भेटतो. अशा वेळी काचेवर एकदम पांढुरकी झाक येते आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. चालक पाण्याची पिचकारी मारतो, वायपर फिरवतो, पण फरक काही पडत नाही. पुढे चोर्ल्याच्या उतारावर अंधार पडतो, समोरून ट्रक येतो आणि त्याचे दोन दिवे काचभर पसरतात. दोष वायपरला दिला जातो. खरं तर घाण बाहेर नसतेच, ती काचेच्या आतल्या बाजूला असते, जिथे वायपर पोहोचत नाही आणि बऱ्याचदा हातही पोहोचत नाही.

पावसाळ्यात आणि चतुर्थीच्या तोंडावर चोर्ला, अनमोड, आंबोली या घाटांतून सीमाभागातल्या गाड्यांची ये-जा वाढते. गावी निघण्याआधी टायरची हवा, ब्रेक, दिवे तपासले जातात. आतली काच मात्र बहुतेकांच्या यादीत नसते.

थर येतो कुठून?

गाडीच्या काचा बंद असल्या तरी आतून तेलकट थर धरतोच. डॅशबोर्ड आणि दारांचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही रसायनं घातलेली असतात. गाडी उन्हात उभी राहिली की ती हळूहळू वाफेच्या रूपात बाहेर पडतात आणि काचेवर जाऊन बसतात. नव्या गाडीचा जो वास अनेकांना आवडतो, तो याच वाफांचा. म्हणूनच नव्या गाडीची काच आतून लवकर धुरकट होते. हैदराबाद, इंदूर किंवा वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात दिवसभर उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीत हे आणखी वेगानं घडतं.

त्यात भर पडते ती आपल्या सवयींची. डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर लावलेली अगरबत्ती, सिगारेटचा धूर, सुगंधी द्रव्याची बाटली, बोटांचा तेलकटपणा, श्वासातली वाफ हे सगळं शेवटी काचेवरच जमतं. धुके धरलेली काच तळहातानं पुसण्याची सवय तर सगळ्यांनाच असते, आणि प्रत्येक वेळी हाताचं तेल तिथं राहतं.

वॉशिंग सेंटरमधून गाडी आणल्यावरही काच धुरकट दिसते, ही तक्रार नेहमीची. ज्या फडक्यानं डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश लावलं, त्याच फडक्यानं काच पुसली तर दुसरं काय होणार? पॉलिशमधलं सिलिकॉन काचेवर पसरतं आणि साध्या पाण्यानं निघत नाही. गाडी धुवायला देताना ‘काचेला वेगळं, कोरं कापड वापरा’ एवढं आधी सांगितलेलं बरं.

घाटातच का नडतो?

दिवसा, सूर्य डोक्यावर असताना हा थर दिसतही नाही. पण प्रकाश समोरून तिरपा आला की थरातला प्रत्येक कण तो इकडेतिकडे फेकतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला रात्री दिव्याभोवती वलय दिसतं, तसंच काहीसं काचेचं होतं. दिवा मोठा दिसतो आणि त्याच्या शेजारचा पायी चालणारा माणूस, सायकलस्वार किंवा रस्त्यात बसलेली म्हैस मात्र झाकून जाते.

हा थर सगळीकडे सारखा नसतो. काचेचा मधला भाग कधीतरी पुसला जातो. काच आणि डॅशबोर्ड मिळतात ती खालची चिंचोळी पट्टी, काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांलगतचे कोपरे आणि दाराच्या काचेची वरची कड मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. घाटातल्या उजव्या वळणावर चालकाची नजर नेमकी उजव्या खांबालगतच्या कोपऱ्यातून आणि दाराच्या काचेतून जाते. वळणाआडून येणारी दुचाकी पहिल्यांदा तिथंच दिसायला हवी.

पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलं आहे. काळी फिल्म लावली तर पोलीस अडवतात. घाणीचा थर अडवायला कुणी येत नाही, तो ज्याचा त्यानंच काढायचा.

धुकं आतलं की बाहेरचं?

आंबोलीसारख्या ठिकाणी काचेवर धुकं धरलं की आधी वायपर एकदा फिरवून पाहावा. काच साफ झाली तर धुकं बाहेरचं. एसीमुळे काच गार पडते आणि गार पाण्याच्या तांब्यावर जसे बाहेरून थेंब जमतात, तसे काचेवर जमतात. एसीचा झोत काचेवरून वळवावा, गारवा थोडा कमी करावा.

वायपरनं फरक पडला नाही तर धुकं आतलं. चार माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या, भिजलेली पायपुसणी यांची वाफ गार काचेवर बसते. अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारं बटण सुरू करावं, एसी चालू ठेवावा आणि झोत पुढच्या काचेकडे वळवावा. एसी हवेतली ओल शोषून घेतो. तापमान थोडं वाढवलं तर काच आणखी लवकर मोकळी होते. तेलकट, धुळकट काचेवर हे धुकं लवकर आणि दाट धरतं, स्वच्छ काचेवर उशिरा. म्हणजे काच पुसून ठेवली की हेही दुखणं अर्धं कमी होतं.

साहित्य घरातलंच

दोन-तीन मायक्रोफायबर कापडं, एक फूटपट्टी किंवा स्वयंपाकघरातलं सिलिकॉनचं उलथणं, दोन रबरबँड आणि फवारणीची बाटली एवढं पुरतं. लांब दांड्याचं तिकोनी डोक्याचं पुसणंही बाजारात मिळतं, पण त्यावाचून अडत नाही.

बोअरचं पाणी टाळावं, त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काचेवर उठतात. फिल्टरचं पाणी चालतं. थर जुना, चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घ्यावं. हे मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून सगळी दारं उघडी ठेवावीत आणि जवळ आगकाडी, सिगारेट नको. कोविडच्या काळात घरात उरलेलं सॅनिटायझर मात्र इथं कामाचं नाही. त्यातलं ग्लिसरीन काचेवर ओघळ ठेवतं.

खालचा कोपरा असा गाठावा

गाडी सावलीत उभी करावी. तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकतं आणि रेघा राहतात. आधी डॅशबोर्डवरची धूळ कोरड्या फडक्यानं काढावी, नाहीतर तीच काचेवर येते.

सुरुवात चालकाच्या शेजारच्या सीटवरून करावी. तिथं स्टिअरिंग आडवं येत नाही. सीट पूर्ण मागे सरकवून, काचेकडे तोंड करून बसावं. फवारा काचेवर न मारता कापडावर मारावा, म्हणजे डॅशबोर्डच्या फटींत आणि स्क्रीनवर पाणी जात नाही. कापड ओलसर हवं, निथळतं नको.

वरचा भाग तळहातानं पुसता येतो. खाली उतरताना हात उलटा करावा, म्हणजे हाताची मागची बाजू काचेला आणि तळहात डॅशबोर्डकडे. मनगट न वाकवता बोटं बऱ्याच आतपर्यंत जातात. त्याच्याही पुढची पट्टी राहिली तर फूटपट्टीला कापडाचे दोन वेढे द्यावेत, रबरबँडनं घट्ट बसवावेत आणि पट्टी काचेला सपाट टेकवून एका कोपऱ्याकडून दुसरीकडे सरकवावी. पट्टीची उघडी धार काचेला लागू देऊ नये.

चालकाच्या बाजूचा कोपरा त्याच्या सीटवर बसून जमत नाही. दार उघडून बाहेर उभं राहावं आणि स्टिअरिंग व काच यांच्या मधून हात घालावा. स्टिअरिंग खाली करायची सोय असेल तर आधी ते खाली करावं.

ओलं कापड फिरलं की लगेच दुसऱ्या कोऱ्या, कोरड्या कापडानं पुसायचं. बहुतेकांचं काम इथंच बिघडतं. एकच कापड फिरवत राहिलं तर थर निघत नाही, फक्त जागा बदलतो. आतून उभे आणि बाहेरून आडवे हात मारले तर राहिलेली रेघ कोणत्या बाजूची हे लगेच कळतं.

दाराची आणि मागची काच

दाराची काच दोन बोटं खाली घ्यावी आणि वरची कड पुसावी. काच बंद असताना ही कड रबराच्या खाचेत लपलेली असते. मग काच पूर्ण वर करून उरलेला भाग पुसावा.

मागच्या काचेसाठी हॅचबॅक गाडीत डिकीवरचा ट्रे काढून ठेवावा. सेदानमध्ये मागच्या सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसावं लागतं. तिथंही उलटा हात आणि पट्टी कामी येते. काचेवर बारीक तपकिरी रेघा असतील तर त्या काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारा आहेत. कापड त्या रेघांच्या दिशेनंच, हलक्या हातानं फिरवावं. ब्लेड किंवा घासणी अजिबात नको. एक रेघ तुटली तर तेवढ्या पट्ट्यातलं धुकं पुढे निघत नाही.

एवढं टाळावं

- काचेवर फिल्म असेल तर अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये, फिल्म खराब होते.
- फास्टॅग आणि नोंदणीचा स्टिकर भिजवू नये, त्यांच्या कडेनं पुसावं.
- आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्यावर फवारा मारू नये.
- वर्तमानपत्राचा बोळा जुना उपाय खरा, पण तो कोपऱ्यात जात नाही आणि त्याची शाई फिक्या रंगाच्या अस्तराला लागते.
- गाडी चालवताना काच हातानं पुसू नये. एक स्वच्छ कापड दाराच्या कप्प्यात ठेवावं आणि गाडी कडेला घेऊनच पुसावं.

काम नीट झालं का, हे रात्री कळतं. अंधारात गाडीबाहेर उभं राहून मोबाईलची बॅटरी काचेवर तिरपी धरली, की राहिलेले पट्टे आणि बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा आणि घाटात उतरण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास यासाठी काढला तर पुरे. दुसऱ्या दिवशी वळणावर समोरचा दिवा काचभर पसरणार नाही, आणि त्याच्या शेजारून चालणारा माणूसही वेळेवर दिसेल.