पाचगणीचा महोत्सव, कयाधूचा काठ

निसर्ग आणि पर्यावरण हा विषय असलेल्या लघुपटांचा ऑनलाइन महोत्सव म्हणजे निवडलेले चित्रपट ठरावीक दिवसांपुरते इंटरनेटवर खुले ठेवून, परीक्षकांचा निवाडा, दिग्दर्शकांशी संवाद आणि पारितोषिके हा नेहमीच्या महोत्सवाचा सारा सोहळा प्रेक्षकाच्या घरी पोहोचवण्याची व्यवस्था होय. लघुपटाच्या लांबीचे माप सर्वत्र एकच नाही. ऑस्कर पुरस्कार देणारी अकादमी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या कृतीला लघुपट मानते. त्यात कथा सांगणारे चित्रपट येतात तसे अनुबोधपटही, म्हणजे प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींचे चित्रण करून त्यांचा अर्थ लावणारे चित्रपट, येतात. पर्यावरणाच्या महोत्सवांत भरणा बहुधा या दुसऱ्या प्रकाराचा असतो.

पर्यावरणावरील चित्रपटांच्या महोत्सवांची परंपरा मुळात जुनी आहे, ती सभागृहांतली. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात ‘एकोफिल्म’ १९७४ साली सुरू झाला, दिल्लीत ‘वातावरण’ २००२ मध्ये आणि पुण्यात ‘किर्लोस्कर वसुंधरा’ २००७ मध्ये. ‘वसुंधरा’ने पुण्याबाहेरच्या शहरांतही आपले खेळ नेले हे खरे, तरी सभागृह, प्रोजेक्टर आणि प्रवासाची सोय यांच्या हिशेबात खेडे सहसा बसत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने सभागृहेच बंद पडली, तेव्हा वॉशिंग्टनच्या पर्यावरण चित्रपट महोत्सवाने मार्चमध्ये इंटरनेटचा आश्रय घेतला; आणि त्याच वर्षी पाचगणीत सुरू होणारा ‘ऑल लिव्हिंग थिंग्ज’ हा पर्यावरण चित्रपट महोत्सव पहिल्याच वर्षी ऑनलाइन भरला. डोंगरावरच्या एका गावात मोजक्या प्रेक्षकांसाठी व्हायचा तो कार्यक्रम अशा रीतीने जोडणी असलेल्या कोणत्याही गावातून पाहता येऊ लागला. साथीच्या हानीतून झालेल्या थोड्या लाभांत याची गणना करावी लागेल.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व विशेष आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख वस्तीचा असून त्यातील बहुतेक लोक खेड्यांत राहतात. पूर्वी जत्रेत लागणारा तंबूतला सिनेमा आणि सरकारी प्रचारगाडीने शाळेच्या भिंतीवर दाखवलेले माहितीपट एवढाच मराठवाड्यातील कित्येक गावांचा चित्रपटाशी संबंध होता. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटामुळे चित्रपट गावापर्यंत येण्यातला अडसर बराच दूर झाला, कारण साध्या दर्जाचे तासभराचे चित्रण साधारण एक जीबीत मावते आणि दहा मिनिटांचा लघुपट दिवसाच्या डेटातून सहज पाहून होतो.

पर्यावरणविषयक चित्रपटाचे खरे दुखणे तो तयार होण्यात नसून पोहोचण्यात आहे, आणि याचा दाखला हिंगोलीच्या शेजारीच सापडतो. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी या टंचाईग्रस्त गावात पाण्यासाठी झालेल्या खटपटीवर आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘पाणी’ या मराठी चित्रपटाला २०१८ सालचा पर्यावरण संवर्धनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण चित्रपटगृहांत तो लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये. पूर्ण लांबीच्या आणि पुरस्कारप्राप्त चित्रपटाची ही कथा, मग ज्याला चित्रपटगृहाचे दारच नाही त्या लघुपटाचे काय होत असेल हे सांगायला नको. उलट योग्य माणसांच्या डोळ्यांपुढे गेलेला छोटा चित्रपट काय करू शकतो, हे माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ने दाखवले आहे: गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी देवमुशीची, म्हणजे व्हेल शार्कची, कत्तल त्यात चित्रित झाली, आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले.

मात्र चित्रपट फोनवर आला म्हणजे तो गावात पोहोचला, असे मानणे घाईचे ठरेल. अनेक लघुपटांचे निवेदन इंग्रजीत असते आणि इतर भाषांतील चित्रपटांना पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अनुवादाच्या ओळी, म्हणजे उपशीर्षके, बहुधा इंग्रजीच जोडलेली असतात. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या शेतकऱ्याला परमुलखातल्या दुष्काळाचे चित्र दिसते, पण तिथला शेतकरी काय बोलतो ते कळत नाही. मोबाइलचा मनोरा नसण्यापेक्षा ही उणीव मोठी आहे, आणि ती भरून काढायला फार खर्चही लागत नाही.

दुसरी अडचण एकट्याने पाहण्याची. नदी, गायरान, पाणलोट हे विषय सामाईक असल्याने त्यांवरचा चित्रपट पाहून चर्चा झाली तरच त्याचा उपयोग. म्हणून पाचगणीच्या महोत्सवानेही पुढे ठिकठिकाणी लोकांनी जमून चित्रपट पाहावेत या पद्धतीला उत्तेजन दिले. एका घरासाठी घेतलेल्या तिकिटावर शाळेत खेळ लावता येत नाही, त्यासाठी संयोजकांची वेगळी परवानगी लागते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

पाहण्याच्या पुढची पायरी पाठवण्याची. वाशीमच्या बाजूने येऊन हिंगोलीजवळून पैनगंगेकडे जाणारी आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी कोरडी पडणारी कयाधू, पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणाचा जलाशय, रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्रभर चालणारी जागल, यांतील प्रत्येक विषय दहा मिनिटांत मावणारा आहे. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली याच जिल्ह्यातल्या वसमतची हळद तर चित्रीकरणाला मुद्दाम आणल्यासारखी आहे: काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश यांत रंग, वाफ आणि धूर भरपूर, आणि शिजवणीला लागणारे सरपण येते कुठून हा पर्यावरणाचा प्रश्नही त्यातच. ऑनलाइन महोत्सवांच्या प्रवेशिका इंटरनेटवरूनच स्वीकारल्या जातात आणि चित्रण चांगल्या मोबाइलवरही होऊ शकते, त्यामुळे पुण्या-मुंबईची वारी करण्याचे कारण उरलेले नाही.

जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेने येत्या महोत्सवापूर्वी सामूहिक खेळाची परवानगी मागणारे पत्र संयोजकांना जरूर पाठवावे. ते मराठीत लिहावे, आणि मराठी उपशीर्षकांची मागणी त्याच पत्रात करावी.