थकव्याचा पुरावा दुसऱ्या दिवशी

‘डीकोड-एमई’ या ब्रिटनमधील अभ्यासाचे प्राथमिक निष्कर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाल्यापासून, ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ अर्थात दीर्घकालीन थकव्याच्या विकाराला मनाचा खेळ ठरवणाऱ्यांची बाजू आणखी लंगडी पडली आहे. १५,५७९ रुग्णांच्या डीएनएमध्ये इतरांपेक्षा आठ ठिकाणी फरक आढळले असून त्यांतील काहींचा संबंध प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी दिसतो. एखाद्या रुग्णाचे निदान करण्याइतके हे फरक ठळक नाहीत. परंतु महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळल्यामुळे कोणाचा जन्मजात डीएनए बदलत नाही, म्हणून ‘हे निष्क्रियतेचे परिणाम आहेत’ हा नेहमीचा आक्षेप येथे लागू पडत नाही.

तरीही अधिक बोलका पुरावा सायकलवर मिळतो. या विकाराचे मुख्य लक्षण थकवा नसून श्रमानंतर, बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, प्रकृती ढासळणे हे आहे. त्यामुळे विश्रांतीच्या स्थितीत घेतलेले रक्ताचे अहवाल ‘नॉर्मल’ येतात आणि रुग्ण खोटा ठरतो. तोंडावर मास्क लावून, स्थिर सायकल चालवताना प्राणवायूचा वापर मोजणारी चाचणी चोवीस तासांच्या अंतराने दोनदा घेतली, तर निरोगी व्यक्तीचे, अगदी बैठ्या माणसाचेही, आकडे जवळपास तेच राहतात. या रुग्णांपैकी अनेकांची क्षमता मात्र दुसऱ्या दिवशी घसरलेली दिसते, आणि अशी घसरण इच्छाशक्तीच्या अभावाने समजावून सांगता येत नाही. दीर्घ कोविडच्या ज्या रुग्णांत हेच लक्षण दिसते, त्यांच्या स्नायूंचे तुकडे अ‍ॅमस्टरडॅममध्ये व्यायामापूर्वी व नंतर तपासले असता, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचे काम श्रमानंतर आणखी बिघडल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तरीही याला मनाचा खेळ ठरवण्याची परंपरा जुनी आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील २९२ कर्मचारी अशाच आजाराने पडले. पंधरा वर्षांनी मॅकइव्हेडी आणि बिअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न भेटता, केवळ जुने कागद चाळून त्याला सामूहिक उन्माद ठरवले, आणि आजारी पडलेल्यांत स्त्रिया अधिक होत्या हाही त्यांचा एक आधार होता. वैद्यकाने याची लाज बाळगावी. त्या शिक्क्याच्या छायेतच पुढे रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला दिला गेला, आणि तो ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकेपर्यंत २०२१ साल उजाडले.