कळलं, पण खाल्लं का?

समजा तुमचा संशोधन विषय आहे 'प्राथमिक शाळेतील मुलांना सकस आहाराच्या सवयी शिकवणे'. तुम्ही चार तास घेतले, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, गुण वाढले. म्हणजे सवय बदलली का? नाही, वाढलं ते ज्ञान. 'पालेभाजी खातोस का?' असं विचारलं की मूल बाईंना आवडेल तेच उत्तर देतं.

मग मोजायचं काय? ताट! पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. वाढलेल्या आणि उरलेल्या भाजीचं वजन करा. फरक म्हणजे खाल्लेली भाजी. पण शेजाऱ्याच्या ताटात सरकवलेली भाजीही यात 'खाल्ली' ठरते, म्हणून पंगतीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. भाजी खिचडीतच असेल तर ती वेगळी कशी मोजणार, हे आधीच ठरवा. आणि एका दिवसावर निष्कर्ष काढू नका. त्या दिवशी भाजी तिखटही झाली असेल.

आता तुमचा आराखडा काढा. उद्दिष्टात 'सवय' लिहिलंय आणि साधन फक्त प्रश्नावली आहे? मग दोन्हींपैकी एक बदलावं लागेल.