वाइन पहिल्यांदा चाखताय? आधी पेगाचा हिशेब बघा

किन्हवली : कसारा घाट चढून नाशिकच्या वाइनरी बघायला जाणाऱ्या नवख्यांची एक समजूत असते, वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच. तसं नाही. रस आंबवून केलेली ती दारूच. मोहाची भट्टीवर गाळतात, तशी ही गाळत नाहीत, म्हणून अल्कोहोल साधारण १२-१३ टक्के, व्हिस्कीत ४२.८. पण पेग ३० मिलीचा आणि वाइनचा ग्लास १५० चा. म्हणजे एक ग्लास जवळपास दीड पेग झाला!

सुरुवात थंडगार चेनिन ब्लांकने करावी, चवीला हलकी. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तुरट लागते. आधी वास, मग छोटा घोट. सोडा घालू नये. चाखून थुंकायला भांडं असतं, त्यात लाज कसली? घाट उतरताना गाडी मात्र न प्यालेल्याकडेच द्यायची.