विझवता येणारा उजेड

दिवाळी जवळ आली की विजेच्या दुकानांत दिव्यांच्या माळांचे खोके छतापर्यंत रचले जातात. अलीकडे त्यांतल्या महागड्या खोक्यांवर एक आकडा ठळक अक्षरांत असतो: १ कोटी ६० लाख रंग. आकडा खोटा नाही. अशा माळेतल्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक एलईडी असतात, प्रत्येकाच्या तीव्रतेच्या २५६ पायऱ्या असतात, आणि तीनही रंगांच्या पायऱ्यांचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ ही संख्या येते. मोबाइलवरून रंग बदलणारी, गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकणारी, नुसत्या हुकमावर पेटणारी ही माळ गॅलरीत टांगली की तिथे निवांत बसावेसे वाटेल, असे खोक्यावरचे चित्र सांगते. या माळेत एक मोठा गुण आहे हे मला मान्य आहे, पण तो रंगांच्या संख्येत शोधणे ही चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. संध्याकाळी गॅलरी हवीहवीशी वाटते ती उजेड बेताचा, उबदार आणि ठरावीक वेळेपुरता असला तर. असा उजेड राखायला आजवरचे विजेचे दिवे फारसे सोयीचे नव्हते. ही माळ तो राखू शकते, आणि तिच्यावर जास्तीचे पैसे खर्च करायचे असतील तर ते याच कारणासाठी करावेत.

आधी उजेडाचा हिशेब मांडू. एका मेणबत्तीचा एकूण उजेड साधारण १२ ल्युमेन असतो. गॅलरीसाठी विकल्या जाणाऱ्या माळांत एकेका वॉटचे काचेचे दहा गोळे असणे ही अगदी नेहमीची गोष्ट, आणि एलईडीच्या एका वॉटमधून ८० ल्युमेन सहज मिळतात. म्हणजे दहा गोळ्यांचे ८०० ल्युमेन, साठ-पासष्ट मेणबत्त्यांइतका किंवा जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड. शहरातल्या फ्लॅटची गॅलरी चार फूट रुंद आणि आठ-दहा फूट लांब असली तरी नशीब म्हणायचे. एवढ्याशा जागेत साठ मेणबत्त्या लावायची कल्पना कोणालाही सुचणार नाही, पण माळ पूर्ण तेजाने पेटवली की आपण तेच करतो. वर हे गोळे उघडे असतात आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत, काळोख्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर लोंबतात. डोळ्यांवर येणाऱ्या झळाळीसाठी याहून अनुकूल मांडणी क्वचितच सापडेल. समोरचे झाड, रस्ता, पलीकडची टेकडी हे सारे त्या झळाळीमागे नाहीसे होते, आणि बाहेर बसण्याचे कारणच संपते.

डोळ्याची घडण इथे आपल्या बाजूने आहे. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना अंधाराशी पुरते जुळवून घ्यायला वीस-तीस मिनिटे लागतात, पण एकदा जुळवून घेतले की त्यांना फार थोडा उजेड पुरतो. शिवाय उजेड आणि त्याची जाणीव यांचे प्रमाण सरळ नाही. प्रकाशयोजनाकार सर्रास वापरतात तो आडाखा असा, की दिव्याचे तेज दहा टक्क्यांवर आणले तरी डोळ्याला ते सुमारे बत्तीस टक्के भासते. माळ दहा टक्क्यांवर आणली की साठ मेणबत्त्यांच्या सहा-सात होतात, आणि तरी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, हातातला कप, कुंडीतली पाने नीट दिसतात. सरकत्या काचेच्या दारालाही हाच नियम लागू पडतो. खोलीत लख्ख ट्यूबलाइट असली की रात्री त्या काचेचा आरसा होतो आणि आतल्या माणसाला फक्त स्वतःची खोली दिसते. खोलीतला दिवा मंद केला आणि गॅलरीत थोडासा उजेड ठेवला की काच पुन्हा पारदर्शक होते, कुंड्या आणि कठडा खोलीचा भाग वाटू लागतात. लहान घर मोठे भासवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि त्यातले निम्मे काम आतला दिवा कमी करण्याचे आहे.

रंगाबद्दल एवढे सांगता येते, की मेणबत्तीच्या ज्योतीचे रंगतापमान साधारण १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचे २७०० आणि पांढऱ्याफेक ट्यूबलाइटचे ६५०० पर्यंत. फिलिप्स कंपनीतल्या क्रुइथोफ यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या आलेखानुसार मंद उजेड उबदार रंगाचा असेल तरच सुखावतो, तोच निळसर असला तर उदास वाटतो. पुढच्या प्रयोगांत तो आलेख जसाच्या तसा टिकला नाही, म्हणून त्याला नियम म्हणण्याची घाई करू नये. आपल्याकडच्या जुन्या रिवाजाचा पुरावा मला अधिक पटतो. आकाशकंदिलात ज्योत किंवा बल्ब कधीच उघडा नसतो. तो कागदाआड असतो, आणि नजरेला भिडतो तो उजळलेला कागद. दिवा झाका आणि पृष्ठभाग उजळू द्या, हे तत्त्व आधुनिक प्रकाशयोजनेतही पहिल्या धड्यातले आहे. गॅलरीत त्याचा अर्थ सरळ आहे: माळ डोक्यावरून आडवी न टांगता कठड्याच्या आतल्या बाजूने, बसल्यावर डोळ्यांच्या खाली येईल अशी किंवा कुंड्यांच्या मागे सोडावी, म्हणजे भिंत आणि पाने उजळतील आणि दिवे स्वतः दिसणार नाहीत.

तरीही आपण माळा डोळ्यांसमोर आणि पूर्ण तेजाने का लावतो, याचे उत्तर मला या वस्तूच्या इतिहासात दिसते. विजेच्या दिव्यांची पहिली सजावट एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या आपल्या घरी केली. लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे, आणि ते झाड विजेवर गोल फिरत होते. नवे तंत्र लोकांना दिसावे हाच हेतू होता, आणि दाखवण्याचा तो स्वभाव माळेने पुढे सोडला नाही. त्यानंतर एक शतकभर महाग वीज आणि सहज फुटणारे बल्ब यांनी तिला आवर घातला. तो आवर एलईडीने उठवला. निळा एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते योग्यच होते, कारण त्याच्यावाचून पांढरा एलईडी शक्य नव्हता. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेच्या काळात सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा दर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत घसरला आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. कोट्यवधी घरांचे बिल कमी झाले, हा लाभ मोठाच. पण उजेड स्वस्त झाला की माणूस तो जास्त वापरतो. सायन्स नियतकालिकात २०२३ च्या जानेवारीत आलेल्या अभ्यासात २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या नागरिकांनी केलेली पन्नास हजारांहून अधिक आकाशनिरीक्षणे तपासली होती. त्यांतून रात्रीचे आकाश दरवर्षी सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे दिसले. या वेगाने ते आठ वर्षांत दुप्पट उजळ होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आकाश उजळते ते रस्त्यांचे दिवे, जाहिरातींचे फलक, मैदाने आणि इमारतींच्या दर्शनी रोषणाईमुळे. दहा वॉटच्या माळेला त्याबद्दल जबाबदार धरणे अन्याय्य नाही का? आकाशापुरते बोलायचे तर आक्षेप बरोबर आहे. गॅलऱ्या काळोख्या केल्याने मुंबईवर आकाशगंगा दिसणार नाही. त्यासाठी सार्वजनिक दिवेच बदलावे लागतात, आणि ते जमते हे पेंचने दाखवले आहे. नागपूरजवळच्या या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखे आकाश जपणारे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी लगतच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड असलेल्या दिव्यांनी बदलले गेले. पण गॅलरीतल्या माळेचा परिणाम आकाशाआधी जवळच्या सजीवांवर होतो, आणि ते अंतर वीस-तीस फुटांचे असते. समोरच्या इमारतीतल्या निजायच्या खोलीची खिडकी नेमकी आपल्या गॅलरीच्या उंचीवर असते. रस्त्यावरचा दिवा वरून येतो, त्याला पडदा अडवतो. समोरून आडवा येणारा, त्यातही लुकलुकणारा उजेड पडद्याच्या फटीतून थेट उशीवर पडतो. डोळ्याच्या पडद्यात पाहणाऱ्या पेशींखेरीज शरीराचे घड्याळ लावणाऱ्या पेशीही असतात आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक दाद देतात, हे या शतकाच्या सुरुवातीच्या संशोधनाने स्पष्ट केले. झोपेच्या आधीचे तीन तास डोळ्यांपर्यंत येणारा असा उजेड १० लक्सच्या आत आणि झोपेत १ लक्सच्या आत असावा, अशी शिफारस तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये केली आहे. निळी, जांभळी, बर्फासारखी पांढरी ही खोक्यावरची लाडकी दृश्ये म्हणूनच रात्री सर्वांत वाईट निवड ठरतात.

दुसरे शेजारी कीटक आहेत. दिव्यावरचे पतंग उजेडाच्या ओढीने येतात असे आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अतिवेगवान चित्रणाच्या अभ्यासाने वेगळे कारण पुढे आणले. उडणारा कीटक उजेडाकडे पाठ करून आपले वर-खाली ठरवतो, कारण निसर्गात उजेड वरूनच येतो. बाजूला दिवा दिसला की तो त्याच्याकडे पाठ झुकवतो आणि दिव्याभोवती घिरट्यांत अडकतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पंखवाली वाळवी दिव्यांभोवती दाटते तेव्हा घराघरांत दिवे मालवले जातात, त्या सवयीला आता शास्त्राचा आधार आहे. ज्यांनी गॅलरीत रातराणी किंवा मोगरा लावला आहे त्यांच्यासाठी आणखी एक माहिती: स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवे लावलेल्या कुरणांत रात्रीच्या परागवाहकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या होत्या. झाडांवरच्या रोषणाईचा प्रश्न आपल्याकडे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण मुंबई-ठाण्यात झाडांचे बुंधे आणि फांद्या माळांनी गुंडाळण्यात आल्या होत्या. कुंडीतल्या झाडालाही रात्र लागते.

सण आहे, उजेड हवाच, असे कोणी म्हटले तर माझा विरोध नाही. दिवाळीचे चार दिवस झगमगाट व्हावा. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, आणि पणत्यांच्या ओळी काळ्या रात्रीवर उठून दिसतात. त्रिपुरी पौर्णिमेला देवळातली दीपमाळ एका रात्रीपुरती उजळते आणि वर्षभर नुसता दगडी खांब म्हणून उभी असते, म्हणूनच त्या रात्री गाव ती पाहायला जमते. पणतीचे तेल संपले की ती आपोआप विझते, हा तिचा गुण विजेच्या माळेत हरवला. दिवाळीत लावलेली माळ नाताळ, नववर्ष ओलांडून होळीपर्यंत रात्रभर जळत राहते, कारण बटण सोफ्यामागे असते आणि उठायचा कंटाळा येतो. तेल संपण्याचा तो गुण परत आणण्याचे काम स्मार्ट माळ करू शकते. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. साध्या टायमरला हा फरक कळत नाही, पण ठिकाण आणि तारीख ठाऊक असलेल्या माळेला कळतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वीस टक्के, नऊला दहा, साडेदहाला बंद, अशी आज्ञा एकदा दिली की वर्षभर हात लावावा लागत नाही.

एवढ्यासाठी महागडी माळ कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्नही रास्त आहे. ज्याला फक्त वेळेवर दिवा बंद करायचा आहे त्याने साधी उबदार माळ आणि टायमरचा प्लग घ्यावा. स्मार्ट माळेचा एक छुपा खर्चही आहे. वाय-फायचा हुकूम ऐकण्यासाठी ती बंद असतानाही जागी असते. त्यासाठी अर्धा वॉट धरला तर वर्षाला सुमारे ४.४ युनिट होतात. मंद केल्यावर पाच वॉट घेणारी माळ रोज तीन तास लावली तर वर्षाला साडेपाच युनिट. म्हणजे ऐकत बसण्याचा खर्च जवळजवळ जळण्याइतका! रुपयांत तो नगण्य आहे, पण काटकसरीचे प्रमाणपत्र मिरवणाऱ्या वस्तूकडून हा हिशेब मागायला हवा. दुसरी अडचण परावलंबनाची. माळेचा मेंदू कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर असेल आणि कंपनीने तो उद्या बंद केला, तर वेळापत्रक गेले आणि उरली साधी माळ. म्हणून घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय चालणारी व्यवस्था निवडावी. २०२२ मध्ये आलेले मॅटर हे सामाईक मानक त्या दिशेचे आहे.

आपल्या हवेचा विचार मात्र सगळ्याआधी. खोक्यावर आयपी ४४ असेल तर माळ शिंतोडे सोसते, आयपी ६५ असेल तर पाण्याचा झोतही. कोकणातल्या आडव्या पावसाला दुसरीच हवी. पण हा आकडा बहुधा तारेचा आणि दिव्यांचा असतो, अ‍ॅडॅप्टरचा नाही, म्हणून अ‍ॅडॅप्टर घरात ठेवून ५, १२ किंवा २४ व्होल्टची तारच बाहेर काढावी, आणि जोडणीला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. कबुतरांच्या जाळीला किंवा कपड्यांच्या दोरीला माळ बांधू नये. वाऱ्याने ताण तारेवर येतो आणि दोन पावसाळ्यांत सांधे उघडतात. मंद केल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून माळेकडे पाहावे. पडद्यावर काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले तर दिवा वेगाने चालू-बंद करून मंद केला आहे; असा उजेड काहींचे डोके दुखवतो, अशी माळ परत करावी.

हे सगळे ग्राहकाने दुकानात उभे राहून कसे ठरवायचे? आज खोक्यावर रंगांची संख्या असते, गाण्यांच्या तालांची यादी असते. एकूण ल्युमेन, केल्विन, सर्वांत कमी तेज किती टक्के आणि बंद असताना किती वॉट, हे चार आकडे शोधूनही सापडत नाहीत. फ्रिज आणि पंख्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे लावायला आपण शिकलो आहोत. गॅलरीतल्या माळेवर हे चार आकडे छापणे सक्तीचे करावे, आणि गृहनिर्माण संस्थांनी ध्वनीसाठी जशी रात्री दहाची वेळ पाळली जाते तशी बाहेरच्या सजावटी दिव्यांसाठी रात्रीची एक वेळ आपल्या सर्वसाधारण सभेत ठरवून घ्यावी. सणाचे दिवस त्यातून वगळता येतील.